राहण्यासाठी तयार केलेल्या ट्रॅव्हलरमधली वीजजोडणी: १२ व्होल्ट, २३० व्होल्ट आणि अर्थिंग

गोदातीर

नमस्कार. आम्ही पतिपत्नी निवृत्त असून नाशिकला राहतो. वापरलेली फोर्स ट्रॅव्हलर घेऊन आम्ही तिच्यातली आसने काढली आहेत, आणि वर्षातले काही महिने तिच्यातच राहून हिंडण्याचा आमचा बेत आहे. सुरुवात कोकणपट्टीपासून करायची आणि पुढच्या उन्हाळ्यात लडाखपर्यंत जायचे, असे ठरले आहे. माझे पती मधुमेही असून इन्सुलिन घेतात, त्यामुळे इतर काही बंद पडले तरी चालेल, पण फ्रिज बंद पडून चालणार नाही.

आमची योजना अशी आहे: २०० अँपियर-अवर क्षमतेची १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, टपावर ३३० वॅटचे एक सोलर पॅनेल, २००० वॅटचा इन्व्हर्टर, १२ व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि इंडक्शन शेगडी. आमच्या घराचे वायरिंग ज्यांनी केले त्याच वायरमनना हे काम सांगितले आहे. माणूस प्रामाणिक आणि कामाला चोख आहे, पण गाडीचे काम त्यांनी पूर्वी केलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून त्या बाजूला वेगळ्या फ्यूजची गरज नाही, घराच्या कामातून उरलेली दीडची वायर सगळीकडे चालेल, गाडी रबरी टायरवर उभी असल्याने अर्थिंगचा प्रश्नच येत नाही, आणि मुक्कामाच्या ठिकाणी वीज मिळाली तर दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर गाडीतल्या कोणत्याही सॉकेटमध्ये खोचली की काम झाले. यजमानांना हे पटले आहे, मला पटलेले नाही, मात्र का पटत नाही ते मला नीट सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तांबेतार

गोदातीर ताई, तुमची शंका रास्त आहे. मी रत्नागिरीच्या बाजूला मासेमारी नौका आणि प्रवासी गाड्या यांच्या बॅटरीवरच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून १२ व्होल्टच्या बाजूविषयी लिहितो. २३० व्होल्टचे अधिक जाणकार लिहितीलच.

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरे आहे, परंतु त्यावरून ही बाजू निर्धोक आहे असा निष्कर्ष काढणे फार चुकीचे ठरेल. इथे धोका आगीचा आहे. २०० अँपियर-अवरच्या लिथियम बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये पाना आडवा पडला, किंवा पॉझिटिव्हची वायर पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण कापले गेले, तर काही क्षणांत हजारो अँपियर प्रवाह वाहू शकतो. तेवढ्या प्रवाहाने वायर लालभडक होते आणि तिच्या शेजारचे प्लायवूड, फोम, पडदे पेट घेतात. बॅटरीत संरक्षणासाठी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारे सर्किट, असतो हे मान्य, पण तो इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. मोठ्या शॉर्टमध्ये तो स्वतःच बिघडून जोडलेल्या स्थितीत अडकू शकतो. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज लांब बसवला तर टर्मिनलपासून फ्यूजपर्यंतची वायर उघडीच राहते. लिथियमसाठी हा फ्यूज क्लास-टी प्रकारचा घ्यावा, कारण साधा पट्टीचा फ्यूज एवढ्या मोठ्या प्रवाहात वितळला तरी आतली ठिणगी विझेलच याची खात्री देता येत नाही.

हेच कारण एमसीबीला लागू पडते. घरातला एमसीबी एसीसाठी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या प्रवाहासाठी, बनवलेला असतो. ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी ठिणगी तुटते. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात, असा शून्याचा क्षण येत नाही. म्हणून सोलरच्या आणि बॅटरीच्या बाजूला डीसी असे स्पष्ट छापलेलाच ब्रेकर हवा.

आता दीडच्या वायरीविषयी. फ्रिज सुमारे ५ अँपियर घेतो असे धरू. बॅटरी मागे आणि फ्रिज पुढे असेल तर जाण्यायेण्याची मिळून १२ मीटर वायर सहज होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तेवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.१४ ओहम येतो, म्हणजे ५ अँपियरला ०.७ व्होल्ट वायरीतच संपतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये ०.७ व्होल्ट कोणाच्या लक्षातही येत नाहीत, इथे मात्र ते सहा टक्क्यांच्या जवळ जातात. पुन्हा कॉम्प्रेसर सुरू होताना तो क्षणभर जास्त प्रवाह ओढतो. या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी एक कटऑफ असतो. त्याच्यापर्यंत पोचणारे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की तो फ्रिज बंद करतो. तेव्हा बॅटरी अर्धी भरलेली असतानाही केवळ बारीक वायरीमुळे तुमचा फ्रिज मध्यरात्री थांबू शकतो. फ्रिजसाठी सहाची वायर, सलग, मध्ये कुठेही जोड न देता, तिच्या स्वतःच्या १५ अँपियरच्या फ्यूजमधून घ्या. सहाच्या वायरीत हीच घट ०.१८ व्होल्टच्या आसपास येते.

फ्यूज उपकरण पाहून नव्हे, तर वायर पाहून ठरवायचा असतो, हे तुमच्या वायरमनना आवर्जून सांगा. दिव्यांच्या दीडच्या वायरीला १० अँपियरचा फ्यूज पुरे. इन्व्हर्टरचे गणित वेगळे आहे: २००० वॅटला १२ ने भागून त्यात इन्व्हर्टरची स्वतःची घट मिळवली की १८५ अँपियरच्या आसपास जाते. त्यासाठी ७० चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची केबल आणि २५० अँपियरचा फ्यूज लागेल, आणि बॅटरी ते इन्व्हर्टर हे अंतर दीड मीटरच्या आत ठेवावे लागेल.

वायर मल्टिस्ट्रँड आणि आग लवकर न पकडणाऱ्या आवरणाचीच असावी. एकसळी वायर सततच्या हादऱ्यांनी लगच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या, तोंडाशी तुटते. जाड केबलचे लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्राने दाबून घ्या. हातोडीने चेपलेला लग दिसायला घट्ट असतो, पण आतल्या तारांमध्ये पोकळी राहते आणि जास्त प्रवाहात तो तापतो. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट आणि वायरीवर फ्लेक्सिबल पाइप हवा. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर हिरवे पडते, म्हणून कलई केलेले लग वापरून त्यांवर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा.

गाडीच्या अल्टरनेटरवरून लिथियम बॅटरी थेट जोडू नका. रिकामी बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह खेचत राहते आणि इंजिन मंद गतीवर असताना, जेव्हा अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो, तेव्हा अल्टरनेटर जळण्याची पाळी येते. मध्ये ३० अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना फ्यूज द्या, कारण त्या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे.

जुना वायरमन

मी वीज वितरणात देखभालीचे काम केले आहे. तांबेतार यांनी लिहिलेले योग्य आहे. मी २३० व्होल्टच्या बाजूचे लिहितो आणि सर्वांत आधी त्या दोन्ही टोकांना टॉप असलेल्या वायरीचे लिहितो, कारण ती जीवघेणी आहे. तिचे एक टोक भिंतीत असताना दुसरे टोक निसटले, तर त्याच्या पितळी पिनांवर उघडे २३० व्होल्ट असतात. अंधारात, पावसात, हातात ती वायर घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. शिवाय त्याच वेळी गाडीतला इन्व्हर्टर चालू असेल तर दोन पुरवठे एकमेकांवर येऊन इन्व्हर्टर जळेल. अशी वायर तयारच करू नये.

रबरी टायरचा मुद्दा बरोबर उलटा आहे. टायरमुळे गाडीचा सांगाडा जमिनीपासून तुटलेला असतो. समजा, बाहेरून घेतलेल्या विजेची फेज आत कुठेतरी पत्र्याला लागली. सांगाड्याला अर्थिंग असेल तर प्रवाह अर्थच्या वायरीने परत जाईल आणि ब्रेकर पडेल. अर्थिंग नसेल तर काहीच होणार नाही, दिवे पंखे चालू राहतील आणि अख्खी गाडी २३० व्होल्टवर उभी राहील. आत बसलेल्यांना काही जाणवणार नाही. शॉक बसेल तो उतरताना: एक हात दाराच्या मुठीवर आणि एक अनवाणी पाय ओल्या मातीवर. त्या क्षणी जमिनीकडे जाणारी वाट माणसाच्या शरीरातूनच तयार होते.

यासाठी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांत ३० मिलीअँपियरचा फरक पडला की तो पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करू शकत नाही, कारण १६ अँपियरचा एमसीबी जो प्रवाह निमूट वाहू देतो त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रवाहात माणूस दगावतो. मात्र आरसीसीबी बसवला की झाले, असेही नाही.

पहिली गोष्ट, त्यावरचे टेस्ट बटण. ते दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे आतली यंत्रणा ठीक आहे एवढेच सिद्ध होते. ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यातच थोडा प्रवाह वळवते, त्यामुळे अर्थची वायर मुळीच जोडलेली नसली तरी टेस्ट यशस्वी होते.

दुसरी गोष्ट, इन्व्हर्टर. गाडी कुठेही जोडलेली नसते आणि इन्व्हर्टरवर चालू असते, तेव्हा त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल कशालाच बांधलेला नसतो. पहिला दोष झाला तर प्रवाहाला परतीची वाटच नसते, म्हणून शॉकही बसत नाही आणि आरसीसीबीही पडत नाही. तो दोष लपून राहतो आणि दुसरा दोष होतो तेव्हा त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून गाडीसाठी असलेल्या चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असतो, जो इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल आणि सांगाडा जोडतो आणि बाहेरची वीज येताच तो जोड सोडतो. घरगुती इन्व्हर्टरमध्ये सहसा ही सोय नसते. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये हा जोड बाहेरून स्वतः देऊ नका. काहींच्या दोन्ही तारांवर निम्मे निम्मे व्होल्टेज असते, आणि जोड देताच ते जळतात. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत लिहिले असेल तेच करावे.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या सॉकेटांची. कित्येक ढाब्यांवर आणि जुन्या लॉजांमध्ये अर्थची पिन रिकामी असते, आणि काही ठिकाणी ती आतून न्यूट्रललाच बांधलेली असते. हा दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला की उपकरणांमधून फिरून आलेली फेज अर्थच्या पिनवाटे तुमच्या सांगाड्यावर येते. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थची वायर तो तोडत नाही. त्यामुळे तो पडला तरी सांगाडा जिवंतच राहतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर रिकामी पिन किंवा उलटी फेज दाखवतो, पण न्यूट्रललाच बांधलेली अर्थ त्याला बरोबर वाटते.

गोदातीर

दोघांचेही मनापासून आभार. हे वाचल्यावर यजमानांनीच काम थांबवायला सांगितले. वायरमनना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि फ्यूजचे व वायरींचे काम सांगितल्याप्रमाणे करायचे मान्य केले. पण शेवटचा परिच्छेद वाचून प्रश्न पडला की मग बाहेरची वीज घ्यायचीच नाही का? पावसाळ्यात सोलरवर भागणार नाही. आणि इंडक्शन ठेवावी की नाही?

ऱ्हाईनकाठ

मी मूळची सांगलीची, सध्या जर्मनीत राहते आणि आमच्याकडे लहान कॅम्पर व्हॅन आहे. इकडची पद्धत सांगते, म्हणजे तुलना करता येईल. कॅम्पिंगच्या जागी प्रत्येक गाडीसाठी निळे, तीन पिनांचे, पाण्यापासून झाकलेले १६ अँपियरचे सॉकेट असते आणि त्यामागे ३० मिलीअँपियरचे संरक्षण असते. गाडीच्या बाहेरच्या बाजूला त्याच जातीचे इनलेट असते. त्यातल्या पिना गाडीवर असतात आणि केबलच्या टोकाला भोके, त्यामुळे केबल निसटली तरी जिवंत पिन उघडी पडत नाही. केबल रबरी आवरणाची, तीन कोअरची, अडीच चौरस मिलिमीटरची आणि जास्तीत जास्त २५ मीटर. आधी केबल गाडीला लावायची, मग सॉकेट असलेल्या खांबाला. काढताना आधी खांबाकडून. केबल गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळलेली केबल भार आल्यावर आतून तापून वितळते.

फ्रान्समधल्या जुन्या कॅम्पिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे मिळणे नवीन नाही, म्हणून गाडीतले ब्रेकर दोन्ही तारा तोडणारे असतात. तुम्हीही डबल-पोलच घ्यावेत. परंतु ही सारी व्यवस्था खांबाकडची अर्थ खरी असल्याच्या भरवशावर उभी आहे. तो भरवसा नसेल तर आमच्यासारखे इनलेट बसवावे, असे मी सुचवणार नाही.

जुना वायरमन

ऱ्हाईनकाठ यांच्याशी मी सहमत आहे. गोदातीर, आपल्याकडच्या मुक्कामांसाठी माझा सल्ला असा की बाहेरचे २३० व्होल्ट गाडीच्या वायरिंगमध्ये आणूच नयेत. दुहेरी इन्सुलेशनचा, दोन पिनांचा, लिथियमसाठी योग्य असा २० अँपियरचा बॅटरी चार्जर घ्या. बाहेरची वीज फक्त त्या चार्जरपर्यंत येईल आणि त्याच्या पुढे गाडीत जाईल ते १४.४ व्होल्ट डीसी. त्याला ३०० ते ३५० वॅट पुरतात, म्हणजे ढाब्याचे साधे ६ अँपियरचे सॉकेटही चालते. आठ तासांत १६० अँपियर-अवर भरतात, म्हणजे रात्रभरात बॅटरी जवळजवळ पूर्ण होते. सॉकेट आणि चार्जर यांच्यामध्ये प्लगमध्येच आरसीसीबी असलेली एक्स्टेंशन वापरा, आणि चार्जर कोरड्या लाकडी फळीवर, पावसाच्या झडीपासून दूर ठेवा. यामुळे दोन पुरवठे एकत्र येण्याचा आणि दुसऱ्याच्या अर्थिंगवर विसंबण्याचा, असे दोन्ही प्रश्न मिटतात. गाडीतले २३० व्होल्ट फक्त इन्व्हर्टरमधून येतील, त्याला रिले असलेला इन्व्हर्टर आणि पुढे आरसीसीबी असे ठेवा, आणि सॉकेट दोन पुरेत.

तांबेतार

इंडक्शनविषयी. तुमच्या बॅटरीत २५६० वॅट-अवर आहेत, त्यांतले सुमारे २००० वापरायला धरावेत. उन्हाळ्यात फ्रिज दिवसाला ५०० घेईल, पंखे, दिवे, फोन मिळून तेवढेच. म्हणजे दिवसाची गरज १००० वॅट-अवर. ३३० वॅटचे पॅनेल महाराष्ट्रात मोकळ्या उन्हात साधारण तेवढेच देते. कोकणातल्या जुलैत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानावे लागते. अर्धा तास इंडक्शन पूर्ण जोरावर चालवली की एका बैठकीत ९०० वॅट-अवर जातात. तेव्हा इंडक्शन ठेवा, पण चहापुरती आणि १००० वॅटच्या सेटिंगवर. मग इन्व्हर्टरही १५०० वॅटचा पुरेल आणि केबलचा खर्चही कमी होईल. स्वयंपाकासाठी गॅस ठेवणार असाल तर एलपीजी हवेपेक्षा जड असून खाली साठतो हे लक्षात घेऊन फ्यूजबॉक्स आणि इन्व्हर्टर सिलिंडरच्या खणापासून दूर व उंचावर बसवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावा. वापर नसताना इन्व्हर्टर बंद करा; नुसता चालू ठेवला तरी तो १५-२० वॅट घेत राहतो, आणि २४ तासांत त्याचा आकडा फ्रिजच्या जवळ पोचतो.

लडाखसाठी एक वेगळी सूचना. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आतल्या इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचते आणि क्षमता कायमची घटते. वापरायला हरकत नाही, चार्जिंगला आहे. उन्हाळ्यातही उंच खिंडींजवळच्या पहाटे तापमान शून्याखाली असते आणि ऊन पडताच पॅनेल चार्जिंग सुरू करते. म्हणून कमी तापमानात चार्जिंग थांबवणारा बीएमएस असलेलीच बॅटरी घ्या आणि ती राहण्याच्या जागेत, बिछान्याखालच्या खणात ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी असती तर हेच मी सांगितले नसते, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

इन्सुलिन गोठता कामा नये. त्या थंडीत फ्रिजचे तापमान पाहत जा, कारण फ्रिज आतली जागा गार करतो, उबदार ठेवत नाही. फ्रिजच्या वायरीला स्वतंत्र फ्यूज देण्यामागे हाही विचार आहे की दिव्याच्या दोषाने फ्रिज बंद पडू नये. तरीही पाण्याने भिजवून गार राहणारी इन्सुलिनची पिशवी जवळ असू द्या, आणि उघडलेले इन्सुलिन फ्रिजबाहेर किती दिवस चालते ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

गोदातीर

आता चित्र स्पष्ट झाले. इनलेट बसवायचे नाही आणि चार्जरच वापरायचा, असे ठरले. शेवटचा प्रश्न: काम पूर्ण झाल्यावर ते बरोबर झाले आहे हे कसे तपासून घ्यावे?

जुना वायरमन

इन्व्हर्टर आणि सर्व उपकरणे सुटी करून २३० व्होल्टच्या वायरिंगचा ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन रोध पाहायला सांगा. फेज ते सांगाडा आणि न्यूट्रल ते सांगाडा, दोन्ही १ मेगाओहमपेक्षा बरेच वर असायला हवेत; नव्या कामात ते शेकड्यात येतात. तिथे घट दिसली तर एखादा स्क्रू वायरीतून गेला आहे असे समजून शोधा. सॉकेटच्या अर्थपासून सांगाड्यापर्यंत मल्टिमीटरने जोड तपासा आणि आरसीसीबी टेस्टरने सॉकेटवर ३० मिलीअँपियरला तो खरोखर पडतो का ते पाहा, नुसत्या बटणावर जाऊ नका.

१२ व्होल्टच्या बाजूला इंडक्शन दहा मिनिटे चालवा आणि फ्रिज चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा ते ०.३ व्होल्टहून अधिक कमी नसावे. मग इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक लग आणि फ्यूजच्या बैठकीला हाताची पाठ लावून पाहा. केबल किंचित कोमट लागेल. एखादा जोड शेजारच्या केबलपेक्षा स्पष्ट गरम लागला तर तो सैल आहे किंवा त्याचे क्रिम्पिंग कच्चे आहे. तो पुन्हा करून घ्या.

दोन किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक दाराजवळ ठेवा, बॅटरीजवळ नको, कारण आग तिथेच लागली तर हात पोचणार नाही. बॅटरीचा मुख्य स्विच कुठे आहे तो तुम्हा दोघांनाही अंधारात सापडला पाहिजे. आसने काढून गाडीत बदल केल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मान्यता घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते, ते राहिले असेल तर आधी करा. पहिला घाट उतरून आलात की सगळे टर्मिनल पान्याने पुन्हा एकदा आवळून घ्या. पान्याची मूठ इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली असावी आणि हातातली अंगठी, बांगड्या त्या वेळी काढून ठेवाव्यात.